मधला जोड

तारेतून सिग्नल जात असताना मधे काहीही बसवलं की ते थोडं खातंच. फिल्टर बसवा, स्विच बसवा, नाहीतर बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर बसवा; अलीकडून जेवढं निघालं तेवढं पलीकडे पोचत नाही. या खाण्याला इन्सर्शन लॉस म्हणतात, आणि ते मोजण्यात नीरजाची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मोबाईल टॉवरचे फिल्टर बनवणारा एक कारखाना आहे, तिथली टेस्ट लॅब तिच्या ताब्यात. नव्याने लागलेल्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "मधे फुकट कुणी बसत नाही. तो किती खातो, एवढंच आपण विचारायचं." सगळे हसायचे. तीही हसायची. हे वाक्य आपल्यालाच लागू आहे, असा संशय तिला कधी आला नाही.

घर मल्लेश्वरमला. घरात माणसं दोन, ती आणि तिचे वडील. नीरजानं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायला नात्यात भरपूर माणसं होती, आपण त्यात भर घालायचं कारण नाही. वडील वासुदेवराव, म्हणजे घरातले आणि गल्लीतले अण्णा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ट्रंक कॉलच्या जमान्यात गुलबर्ग्याच्या नि बेळगावच्या एक्स्चेंजशी ओरडून बोलण्यात जन्म गेला, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. भाजीवाल्याशी मिरच्यांचा भाव केला तरी शेजारच्यांना कळायचा. घराणं साडेतीनशे वर्षांपासून इकडचं. बाहेर कन्नड, घरात मराठी, आणि घरातल्या मराठीतही निम्मी कन्नडच.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. तिचं हृदयाचं ऑपरेशन करू नये, वय झालंय, असं अण्णा म्हणत होते. करायचंच, असा हट्ट प्राणेशनं धरला. प्राणेश नीरजाच्या पाठचा, धाकटा. आई टेबलावरून परत आली नाही. तेराव्या दिवशी वैकुंठ समाराधनेला सगळे सोयरे पंगतीत बसलेले असताना अण्णा म्हणाले, "ह्यानं हट्ट केला नसता तर ती आज वाढायला असती." वाक्य पार मागच्या चुलीपर्यंत ऐकू गेलं. प्राणेश भरल्या पानावरून उठला. त्यांच्यात पानावरून उठणं म्हणजे घरावरून उठणंच. त्यानं हात धुतले, चपला घातल्या आणि एचएसआर लेआउटला आपल्या फ्लॅटवर निघून गेला. त्या दिवसापासून एकाच गावात राहून बापलेक एकमेकांशी बोलेनासे झाले.

पण घर म्हटलं की निरोप आलेच. ते नेण्या-आणण्याचं काम नीरजाकडे आलं, आणि खरं सांगायचं तर तिनंच ते ओढून घेतलं.

अण्णा म्हणायचे, "त्या शहाण्याला सांग, आईच्या श्राद्धाला घराला पाय लागणार आहेत, का लॅपटॉपलाच पिंड घालणार आहेस?"

नीरजा प्राणेशला फोन करून सांगायची, "आईचं श्राद्ध बुधवारी आहे रे. जमतंय का बघ."

तिकडून प्राणेश उसळायचा, "कशाला येऊ? परत सगळ्यांसमोर खुनी म्हणवून घ्यायला? त्यांना म्हणावं, मेली ती माझीपण आई होती."

नीरजा घरी येऊन सांगायची, "त्याला रजा नाही मिळत, अण्णा. नमस्कार सांगितलाय."

फणस फोडणाऱ्या बायका काटे आणि चीक आपल्या हाताला लावून घेतात आणि गरे तेवढे ताटलीत पुढे करतात, तसं तिचं चाललं होतं. आपण मोठं पुण्याचं काम करतोय असं तिला मनापासून वाटायचं. वाटायचं ते वाटू द्या. पण तिनं एक गोष्ट कधी बघितली नाही. त्या दोन पुरुषांची सगळी माया त्यांच्या रागातच होती. राग काढून टाकल्यावर खाली उरायचं ते नुसतं पोस्टकार्ड. हळूहळू अण्णांना वाटू लागलं की पोराला आता आपलं काही पडलेलं नाही, लांबून नमस्कार सांगतो झालं. प्राणेशला वाटू लागलं की म्हातारा थंड पडलाय, आता शिवीसुद्धा देत नाही. चिडणारा माणूस अजून आपला असतो. "बरं, ठीक आहे" म्हणू लागला की तो परका झाला समजावं. दोघं एकमेकांना परके होत गेले, आणि मधे बसून नीरजा समाधानानं म्हणत राहिली की चला, निदान भांडण तरी होत नाही.

यंदा संक्रांतीच्या सुमारास अण्णांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढा झाला, मग गुळण्या झाल्या, मग डॉक्टर झाले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून बघितलं तेव्हा स्वरयंत्रात गाठ निघाली, आणि ती वाईट निघाली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल, म्हणाला. माणूस वाचेल, आवाज जाईल. पुढेमागे यंत्राच्या मदतीनं थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज त्यांचा नसेल. ऑपरेशनला शुक्रवार ठरला.

मंगळवारी संध्याकाळी अण्णा मऊ भात कालवत बसले होते. घास तोंडापर्यंत न्यायचे आणि परत पानात ठेवायचे. मग त्यांनी पान बाजूला सारलं.

"नीरजा, इकडे ये गे. त्याला एक निरोप दे." आवाज आता खरवडल्यासारखा येत होता, तरी हळू नव्हता. "सांग, शुक्रवारी माझा गळा कापताहेत. यायचं असेल तर त्याच्या आत ये. मला तोंडानं एक गोष्ट सांगायची आहे त्याला. नंतर येऊन बंद पडलेल्या रेडिओपुढे बसू नकोस म्हणावं. आणि नाही आलास तर मला मुलगा नाही, असं सांग."

"काय सांगायचंय, अण्णा? मी सांगते ना."

"तू नको. आजवर सगळं तूच सांगितलंस."

"मग मी फोन लावून देते, तुम्ही बोला."

"छे! जन्मभर लोकांचे फोन जोडले मी. फोनवर माणूस अर्धाच येतो. हे समोर बसवून सांगायचं आहे." त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "जसंच्या तसं सांग हं."

"सरी, अण्णा," नीरजानं होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमधून तिनं प्राणेशला फोन लावला. बस हेब्बाळच्या पुलावर अडकली होती. 'मला मुलगा नाही' हे शब्द सांगायचे नाहीत, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. असलं काही बोलून कुठं पोरगा येतो का, असं तिचं गणित. आणि दुसरं असं, की अण्णांचा आवाज कायमचा जाणार, हे वाक्य ती अजून स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलली नव्हती. माणसाला जे स्वतःला सांगता येत नाही ते दुसऱ्याला कसं सांगणार?

"अण्णांचं शुक्रवारी घशाचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "डॉक्टर चांगले आहेत. फक्त नंतर काही दिवस त्यांना बोलता येणार नाही. तर तुला जमलं तर आधी येऊन जा."

"त्यांनी बोलावलंय?"

"हो तर."

"कसं बोलावलंय? त्यांच्या शब्दांत सांग, अक्का."

नीरजानं खिडकीबाहेर बघितलं. एवढा एक क्षण होता. तो तिनं घालवला.

"सवड असेल तर येऊन जा म्हणावं, असं म्हणाले."

पलीकडे प्राणेश हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "सवड असेल तर! सहा वर्षांनी बोलावताहेत ते सवडीनं. मी आज संध्याकाळी पुण्याला जातोय, अक्का. तिथं आमचं मोठं काम आहे, पण ते मरू दे, ते सोडता येईल. त्यांना माझा एक निरोप दे. म्हणावं, मला सवडीनं बोलावू नका. एकदा, फक्त एकदा नावानं हाक मारा. त्या दिवसापासून 'तो', 'त्याला', 'तो शहाणा'. माझं नाव त्यांनी तोंडातून काढलेलं नाही, सोयऱ्यांकडून कळतं मला. एकदा 'प्राणेश' म्हणू देत, मी असेन तिथून पळत येतो. नाहीतर काय, रविवारी परत आलो की हॉस्पिटलात येऊन जाईन. सवडीनं."

त्याचा आवाज शेवटी फाटला होता. तेही नीरजानं ऐकलं, आणि तेही पुढे गेलं नाही.

संध्याकाळी अण्णा दारातच उभे होते. "काय म्हणाला?"

"त्याला पुण्याला जायचंय, अण्णा. रविवारी येतो म्हणाला."

"रविवारी? शुक्रवार सांगितलास ना गे?"

"सांगितलं."

"बाकीचं पण सांगितलंस? मुलगा नाही, ते?"

"सगळं सांगितलं," नीरजा म्हणाली.

ती वाट बघत होती की आता अण्णा गरजतील, त्या शहाण्याचा उद्धार करतील, आणि मग ती चहा करायला आत जाईल. पण अण्णा वळले, खुर्चीवर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी निरोपाला उत्तर दिलं नाही. नीरजाला ते खटकलं, पण तिनं ते ऑपरेशनच्या काळजीवर ढकललं.

गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, संध्याकाळी अण्णांना ॲडमिट करायचं होतं. सकाळी मात्र लॅबमध्ये जाणं भाग होतं. मोठ्या गिऱ्हाइकाकडून फिल्टरची अख्खी खेप परत आली होती. आपल्या रिपोर्टमध्ये प्रत्येक नग पास, आणि त्यांच्याकडे तेच नग नापास. साहेबलोक वर चिडून बसले होते.

"मॅम, मला वाटतं सापडलं," मुग्धा म्हणाली. मुग्धा पुण्याची, इकडे नोकरीला आलेली; हुशार पोरगी आणि तिच्या मराठीत दर तिसरा शब्द इंग्रजी. "मशीन ओके आहे, केबल्स ओके आहेत. इश्यू कॅलिब्रेशनचा आहे. हे बघा ना."

मोजायची रीत साधी असते. आधी मशीनच्या दोन केबली एकमेकींना जोडायच्या आणि मशीनला सांगायचं, हे शून्य धर. मग केबली सोडवून मधे फिल्टर बसवायचा. आता जेवढं कमी येईल तेवढं फिल्टरनं खाल्लं. पण इथल्या दोन्ही केबलींची टोकं एकाच जातीची, ती सरळ एकमेकींत बसत नाहीत. म्हणून शून्य धरताना मधे एक छोटा अडॅप्टर घालायची पद्धत नीरजानंच फार वर्षांपूर्वी घालून दिली होती. नवा होता तेव्हा तो नावालाच खायचा. आता त्याची आतली पिन झिजली होती आणि तो चांगलाच खात होता.

"म्हणजे शून्य धरतानाच हा मधे होता," मुग्धा सांगत होती. "मशीनला वाटतं, एवढं कमी येणं हेच नॉर्मल. त्यामुळे हा जे खातो ते स्क्रीनवर कधी दिसतच नाही, आणि हा काढून फिल्टर लावला की फिल्टर उगाच चांगला दिसतो. इतकी वर्षं कुणी चेकच केलं नाही, कारण हा कायम इथंच असतो ना. मॅम? आर यू ओके?"

नीरजा खुर्चीवर बसली होती. तिला काही मोठी उपमा सुचली असं कुणी समजू नये. फक्त हेब्बाळच्या पुलावर प्राणेशनं विचारलेलं तिच्या कानात आलं, 'त्यांच्या शब्दांत सांग, अक्का'. आणि मग एकामागून एक सगळंच आलं. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना काय काय सांगितलं होतं, आणि त्यातलं काय पोचलं होतं. अण्णा ओरडत होते ते, प्राणेशचा आवाज फाटला होता ते, त्यातलं काहीएक पोचलं नव्हतं. पोचला होता नमस्कार. पोचली होती सवड. आणि त्या दोघांना वाटत होतं, समोरचा माणूस एवढाच आहे.

ती उठून जिन्यात गेली आणि प्राणेशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, त्यानं तोडला. तिनं परत लावला, त्यानं परत तोडला. पुढच्या वेळी त्यानं उचलला.

"प्राणेश, अण्णा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगते. मधे बोलू नकोस." आणि तिनं सांगितलं. गळा कापताहेत, तोंडानं एक गोष्ट सांगायची आहे, बंद पडलेला रेडिओ, मुलगा नाही. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, "आणि आवाज काही दिवस नाही, कायमचा जाणार आहे."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला; प्राणेश मीटिंगमधून बाहेर आला होता.

"तू काही दिवस म्हणालीस."

"हो."

"सवड असेल तर म्हणालीस."

"ते मी म्हणाले. ते नाही म्हणाले."

"आणि माझा निरोप? हाकेचा?"

"तो मी दिला नाही."

"अक्का," प्राणेश म्हणाला, "काय केलंस गे हे तू?"

तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. तो हळू बोलला. मग त्यानं तिथंच विमानं बघितली. संध्याकाळची सगळी भरलेली होती. सकाळचं पहिलं मिळत होतं. ऑपरेशन अकराला होतं. त्याच्या आत सहज पोचतो, म्हणाला.

"मी रात्री फोन लावून देऊ त्यांना?"

"फोनवर नको म्हणालेत ना ते? मग नको. समोरच येतो."

बाप नि लेक अगदी एका मुशीतले. नीरजाला त्या तसल्या वेळीही त्याचं हसू आलं, आणि लगेच रडू आलं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या खोलीत तिनं अण्णांना सांगितलं, "प्राणेश सकाळी येतोय."

अण्णांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "हे तो म्हणाला, का तू म्हणतेस?"

म्हणजे त्यांना कुठंतरी कळत होतं. नीरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो म्हणाला, अण्णा. त्याच्या तोंडानं."

हाकेचं मात्र तिनं तेव्हाही सांगितलं नाही, आणि या वेळी कारण वेगळं होतं. आता आपण मधे पडायचं नाही, जे असेल ते दोघं समोरासमोर बोलतील, असं तिनं जिन्यातच ठरवून टाकलं होतं. सहा वर्षं नको तिथं मधे बसली आणि आता नको तेव्हा बाजूला झाली. तिच्या नशिबातच वेळ चुकणं होतं म्हणा, दुसरं काय.

अण्णांनी त्यानंतर बोलणं बंद केलं. नीरजानं काही विचारलं तर मान हलवायचे, हातानं सांगायचे. तिला वाटलं घसा दुखतोय. तिनं विचारलं तेव्हा ते कुजबुजत म्हणाले, "उद्याला राखून ठेवतोय." आयुष्यात पहिल्यांदा अण्णा कुजबुजले ते असे. आवाज म्हणजे डब्यातलं तूप असल्यासारखं ते तो पुरवून वापरत होते, पोराला सांगायच्या एका गोष्टीसाठी.

शुक्रवारी सकाळी अण्णा लवकर उठून बसले. दाराकडे तोंड करून बसले. प्राणेशचा विमानात बसल्याचा मेसेज आला होता. नीरजानं तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि फोन परत दिला.

मग नर्स आली आणि म्हणाली, चला. त्यांच्या आधीच्या पेशंटची साखर वाढली होती, त्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. थिएटर मोकळं, डॉक्टर तयार. नीरजानं हात जोडले. माझा भाऊ येतोय, विमानात आहे, थोडं थांबा, असं कन्नडमध्ये विनवलं. नर्स गोड बोलून म्हणाली की भाऊ आल्यावर बाहेर बसू दे की, ऑपरेशन तर मोठं आहे, बराच वेळ चालणार. तिचं काय चुकलं? आवाज जायच्या आत कुणीतरी यायचं होतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? नीरजा डॉक्टरला शोधत धावली. डॉक्टर हात धुऊन आत गेलेले. प्राणेशला फोन लावला. तो बंद होता.

स्ट्रेचर लांबलचक कॉरिडॉरमधून निघालं. नीरजा दांडी धरून बरोबर चालत होती. अण्णांची मान एकसारखी मागे, लिफ्टच्या दिशेला वळत होती. थिएटरच्या काचेच्या दाराशी वॉर्डबॉय दार उघडायला थांबला, आणि तिला कळलं की आता नाही तर कधीच नाही.

"अण्णा, ऐका," ती म्हणाली. "बुधवारी त्यानं तुम्हाला निरोप दिला होता. मी सांगितला नाही. तो म्हणाला, त्यांनी एकदा नावानं हाक मारावी. फक्त एकदा. मी असेन तिथून पळत येतो, असं म्हणाला. आणि त्याचा आवाज फाटला, अण्णा. तुमचाही निरोप मी नीट दिला नव्हता, म्हणून तो आला नाही. काल सांगितला तेव्हा लगेच निघाला. सगळं माझ्यामुळे झालं."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. ते रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आपल्याकडे नाव नाही. एवढंच होय तुला हवं होतं, असं ते तोंड तिथं नसलेल्या पोराला म्हणत होतं. मग त्यांनी कोपर टेकलं, अर्धे उठले, लिफ्टकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"प्राणेऽऽश!"

राखून ठेवलेला होता नव्हता तेवढा सगळा आवाज त्यांनी त्या एका हाकेत घातला. तो फाटका होता, खरखरीत होता, आणि तरीही कॉरिडॉरच्या पार टोकापर्यंत गेला. बाकावर बसलेली माणसं वळून बघू लागली. लांबच्या खोलीतून एक नर्स डोकावली. अण्णा तसेच अर्धे उठून थोडा वेळ थांबले, हाकेला कुणी ओ देतंय का बघायला थांबतात तसे. मग त्यांना खोकल्याची उबळ आली.

"आणि ती गोष्ट, अण्णा?" नीरजानं विचारलं. "काय सांगायचं होतं त्याला?"

त्यांनी मान हलवली, बोटांनी हवेत लिहिल्यासारखं केलं. ती गोष्ट ते नंतर लिहून देणार होते. खरंच होतं, गोष्ट लिहिता येते. हाक लिहिता येत नाही. स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं. तेव्हा कुठं नीरजाला आठवलं की फोन तिच्या हातातच होता, आणि हाक त्यात भरून घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

प्राणेश आला तेव्हा ती दाराशेजारच्या बाकावर बसली होती. पाठीवर बॅग, शर्ट घामानं चिकटलेला; लिफ्टची वाट न बघता तो जिन्यानं धावत आला होता. रिकाम्या कॉरिडॉरकडे आणि बंद दाराकडे बघून त्याला सगळं समजलं.

"नेलं?"

"अर्धा तास झाला."

तो तिच्याशेजारी बसला. बॅग काढायचंही त्याला भान नव्हतं. त्यानं विचारलं, "काही म्हणाले?"

"तुला हाक मारली."

"मला?"

"मी तुझा निरोप सांगितला त्यांना. इथं, दारात. मग त्यांनी हाक मारली. नावानं."

प्राणेशनं तोंडावर हात दाबला. मग हात काढून, लहानपणी शाळेतून आल्यावर ज्या अजिजीनं काही मागायचा तसल्या आवाजात तो म्हणाला, "कशी मारली? अक्का, मारून दाखव ना गे."

नीरजानं त्याच्याकडे बघितलं. आता काही गाळायचं नव्हतं, काही घालायचं नव्हतं. जसंच्या तसं द्यायचं होतं. तिनं डोळे मिटले, अण्णांचं ते अर्धं उठलेलं अंग आठवलं, श्वास भरून घेतला आणि म्हणाली, "प्राणेश."

फारच मऊ झालं. तिनं पुन्हा मारली, मोठ्यानं, घसा ताणून. बाकावरची माणसं परत वळली. प्राणेश डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि तिचा हात धरला.

"राहू दे, अक्का," तो म्हणाला. "ही त्यांची नाही."

ते तिलाही कळत होतं, पण तिच्याकडे दुसरा आवाज नव्हता.